देमिसेच्या स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह

कॉन्डोमिनियममधल्या नव्या घरात पहिल्याच मंगळवारी सकाळी सहाला देमिसेचं दार वाजलं. त्याने उघडलं, तर वरच्या मजल्यावरच्या वुबितबाई "कसे आहात, झोप झाली?" असं विचारत सरळ स्वयंपाकघरात गेल्या, सिंकखाली वाकल्या, काहीतरी फिरवलं आणि "देव बरं करो" म्हणून निघून गेल्या. पाऊण तासाने तळमजल्यावरचा न्हावी कासाहुन आला. त्यानेही झोपेची चौकशी केली, सिंकखाली हात घातला, तेच उलटं फिरवलं आणि तोही गेला.

"हे काय चाललंय?" देमिसेने बायकोला विचारलं.

"व्हॉल्व्ह आहे म्हणे," बेलायनेश म्हणाली. "अख्ख्या जिन्याच्या पाण्याचा. उघडला की वरच्यांना पाणी, बंद केला की खालच्यांना."

"आणि तो आपल्या घरात?"

"बांधणाऱ्याने तिथेच बसवलाय."

देमिसे अदिस अबाबाच्या रस्तेखात्यात मोजणीदार होता. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे रस्ते मोजले होते, त्यामुळे स्वतःचं घर घेताना फसायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. त्याने तेवीस प्रश्न कागदावर उतरवले होते. कागदपत्रं कोणाच्या नावावर, भिंतीला भेगा कुठे, ऊन कधी येतं, पाणी आठवड्यातून किती दिवस, जिन्याच्या पायऱ्या किती. पायऱ्या तर त्याने स्वतः मोजल्या. घर विकणाऱ्या निवृत्त नर्स अल्गानेशबाईंनी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. तो तीनदा घर बघायला गेला, तिन्ही वेळा शेजारचं कोणी ना कोणी आत येऊन स्वयंपाकघरात डोकावून गेलं. तेव्हा देमिसे बायकोला म्हणाला होता, "बघ, काय माया आहे या लोकांत."

आता त्या मायेने त्याचं डोकं फिरायची वेळ आली. मंगळवारी आणि शुक्रवारी वरचे यायचे, खालचे यायचे, मग पाणी कमी मिळालं म्हणून पुन्हा वरचे यायचे. त्यांची भांडणं त्याच्याच ओट्यापाशी व्हायची. त्याने अल्गानेशबाईंना फोन केला.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाकी सगळं विचारलंत."

हे खरं असल्यामुळे तो जास्तच चिडला. त्याने घरमालकांच्या समितीला पत्र लिहिलं. समितीने उत्तर दिलं की, व्हॉल्व्ह ही सामायिक मालमत्ता असून देमिसे यांनी तिची काळजी घ्यावी. त्याने दुसरं पत्र लिहिलं. समितीने त्याला दर महिन्याला व्हॉल्व्हला तेल घालायला सांगितलं. बांधकाम खात्यातल्या माणसाने नकाशा उलगडून दाखवला. नकाशात व्हॉल्व्ह जिन्यात होता. "म्हणजे तुमचं घरच जरा सरकलंय," तो माणूस म्हणाला. देमिसेने ज्या आवाजात त्याला उत्तर दिलं, तो ऐकून शेजारच्या खोलीतले लोकही बाहेर आले.

तीन महिन्यांत तो जिन्यातल्या प्रत्येकाशी भांडला. दार मात्र दर वेळी उघडत राहिला, कारण न उघडलं तर वुबितबाई दाराबाहेर बसूनच शेजारणींशी गप्पा मारत, आणि त्या गप्पा त्याच्याबद्दल असत.

अशात मुलीचं, माहलेतचं, लग्न निघालं. ती दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होती. तिथलाच एक मुलगा तिला पसंत होता. रीतीप्रमाणे मुलाकडून तीन वडीलधारे रविवारी मागणी घालायला येणार होते. पहिल्या खेपेला बापाने मान डोलवून म्हणायचं, 'विचार करतो, पुन्हा या.' दुसऱ्या खेपेला तेच, जरा मऊ आवाजात. तिसऱ्या खेपेला हो. पहिल्याच फटक्यात हो म्हटलं, तर मुलीत काही खोट आहे की काय, असं लोक बोलतात.

"तुला फक्त नाही म्हणायचंय," बेलायनेशने बजावलं. "ते तुला जमतं."

अकरा दिवस पाणी आलं नव्हतं. शिवाय रविवार पाण्याचा वार नव्हता, म्हणून देमिसे निर्धास्त होता. चर्चहून येऊन त्याने कोट घातला. पांढऱ्या गाबी पांघरलेले तिघे आले. त्यांतले थोरले बोगाले, ज्यांना सगळे आदराने 'गाशे' म्हणत, सत्तरीचे, काठी टेकत तीन मजले चढून आलेले. मागणं मांडून झाल्याशिवाय बसायचं नाही, म्हणून तिघे दाराजवळ उभे राहिले. बेलायनेश कॉफीच्या बिया भाजत होती. गाशे बोगालेंनी घसा साफ केला.

तेवढ्यात खालून ओरडा झाला, "पाणी आलं."

वुबितबाई दोन पिवळे कॅन घेऊन वडीलधाऱ्यांच्या मधून आत शिरल्या. मागून चौथ्या मजल्यावरची आणखी तीन माणसं. "माफ करा, गाशे, अकरा दिवस झाले," असं प्रत्येक जण त्या तिघांना म्हणत होता. दोन मिनिटांत कासाहुन वर आला. त्याच्या हातात वस्तरा होता आणि त्याच्यामागे अर्ध्या तोंडाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक. "खाली थेंब नाही," कासाहुन म्हणाला. "या माणसाला मी असाच घरी पाठवू का?"

"आधी आमचे कॅन भरू देत," वुबितबाई म्हणाल्या.

त्यांनी एकीकडून फिरवलं, कासाहुनने दुसरीकडून. व्हॉल्व्हची मूठ तुटून कासाहुनच्या हातात आली आणि पाण्याची धार थेट समोरच्या कपाटावर आदळली.

देमिसेने कोट काढून फेकला आणि सिंकखाली डोकं घातलं. आतून तो व्हॉल्व्हला, समितीला, नकाशाला आणि घर बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होता. कॉफीच्या बिया करपल्या. पाणी दाराशी पोहोचलं आणि तिन्ही वडीलधाऱ्यांनी गाबीची टोकं वर धरली. गाशे बोगालेंच्या गुडघ्यांना आता उभं राहवत नव्हतं. या घरात योग्य वेळ काही येणार नाही हे ओळखून ते स्वयंपाकघराच्या दारातूनच रीतीच्या आडवळणी शब्दांत म्हणाले, "देमिसे, तुमच्या घरात जे आहे, ते आमच्या घरी नाही. ते मागायला आम्ही आलो आहोत."

"घेऊन जा," सिंकखालून आवाज आला. "सगळा जिना घेऊन जातोय, तुम्हीच कशाला मागे राहता. आणि परत विचारायलाही येऊ नका."

फेसवाल्या गिऱ्हाइकालासुद्धा काहीतरी घडल्याचं कळलं. दारामागे उभ्या असलेल्या माहलेतच्या हातातली, कॉफीबरोबर द्यायच्या पॉपकॉर्नची परडी खाली पडली.

देमिसे भिजलेलं डोकं बाहेर काढत म्हणाला, "कोण होतं ते?"

"मी," गाशे बोगाले म्हणाले. "आम्ही आज हो ऐकायच्या तयारीने आलो नव्हतो. मुलाच्या आईलाही दीड महिना लागेल असं सांगितलंय."

"मला वाटलं, पाणी मागताय."

"मी गेलो असतो पाणी मागायला शेजारी. तीन मजले नसते चढलो." म्हातारबुवा थोडे चिडले होते. "आता असं करा. आजचं कोणी काही ऐकलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही येतो, तुम्ही व्यवस्थित नाही म्हणा."

वुबितबाईंनी काही ऐकलं नसल्याची शपथ घेतली. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं होतं.

त्याच आठवड्यात समितीचं पत्र आलं. सामायिक व्हॉल्व्ह मोडल्याबद्दल देमिसेला लेखी समज दिली होती. रविवारी तिघे आले, उभे राहिले, गाशे बोगालेंनी तेच शब्द उच्चारले आणि देमिसेला नाही म्हणायचं होतं. तीन महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. जो उठतो तो माझ्या घरात येऊन काहीतरी मागतो, हे काय धर्मादाय घर आहे का, या घरातून यापुढे चमचाही बाहेर जाणार नाही, असं तो बोलत सुटला. बेलायनेशने दोनदा त्याची बाही ओढली. तिघे एकमेकांकडे बघत जिना उतरून गेले.

तीन रविवार उलटले, कोणी आलं नाही. माहलेत बापाशी बोलेनाशी झाली. बेलायनेश जेवण वाढताना ताट जरा जोरात ठेवू लागली. चौथ्या रविवारी देमिसे कोट घालून स्वतःच गाशे बोगालेंकडे गेला. मुलीच्या बापाने मुलाकडच्यांच्या दारात जाणं त्याच्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं.

म्हातारबुवा अंगणात ऊन खात बसले होते. देमिसे आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "गाशे, त्या दिवशी माझा आवाज जरा चढला."

"हो, आमच्या लक्षात आलं."

"तर, तुम्ही पुन्हा कधी येताय?"

गाशे बोगालेंनी त्याला स्टूल दिलं. कॉफी मागवली. ती पिऊन झाल्यावर, कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी कधी येतं?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. का?"

"मग मंगळवारी येतो," म्हातारबुवा म्हणाले. "पाणी असलं की तुम्ही हो म्हणता."