एका भेटीस एक तक्रार

ज्येष्ठांनी पोटभर जेवावे, या तत्त्वास विरोध करणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. म्हणूनच आमच्या भागातील दवाखान्याने नियम केला, की पासष्टी उलटलेल्या रुग्णाची पोषण-चाचणी झाल्याखेरीज डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहू नये. दुसरा एक नियम तेथे पूर्वापार प्रतिष्ठित होताच: एका भेटीस एक तक्रार. दोन्ही नियम आपापल्या जागी निर्दोष होते. त्यांची परस्परांशी गाठ पडली, ती कुलूपवाल्या आजोबांच्या तोंडात.

उभा जन्म लोकांची कुलपे दुरुस्त करून आजोबा निवृत्त झाले होते. त्यांची खालची कवळी हिरडीस घासत असे आणि तेथे जखम झाली होती. पावाची खरपूस कड चावू जावे, तर डोळ्यांत पाणी उभे राही. घशाखाली उतरे ते केवळ निवविलेले सूप. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दंतवैद्य दारात उभे करीत नसत. आजोबांना हवी होती ती एवढी चिठ्ठी.

"आजोबा, बूट काढा, काट्यावर उभे राहा, हलू नका," परिचारिका म्हणाली.

"ताई, माझी कवळी—"

"राहू द्या तोंडात. वजनात धरतात ती. भूक लागते का?"

"लागते की! पण चावताना—"

"लागते," असे म्हणत तिने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकविले. "पुढचं लिहायला यात जागाच नाहीये."

वजन कमी भरले. डॉक्टरांची मुद्रा गंभीर झाली.

"आजोबा, वजन घटलंय. हलक्यात घेऊ नका."

"ते कशानं घटलं तेच सांगायला आलोय, डॉक्टरसाहेब. जरा तोंडात बघता का?"

"तोंड ही दुसरी तक्रार झाली. आजची वजनात गेली. पुढच्या आठवड्यात या, आणि उपाशीपोटी या. नाहीतर काटा फसतो."

आजोबा उपाशीपोटी आले. क्रमांक लागेपर्यंत दुपार झाली, आणि निराहार मनुष्याचे वजन निसर्गनियमास अनुसरून आणखी घटले. प्रकरण चिंताजनक ठरल्याने त्यांना एक दिवसाआड बोलाविण्यात येऊ लागले. शिवाय 'वेळेवर जेवण्याचे महत्त्व' या विषयावरील समुपदेशन सुरू झाले. ते भर जेवणाच्या वेळी असे. दवाखान्यात समाधान पसरले. ज्या व्याधीचा शोध घ्यावयाचा, ती प्रत्येक खेपेस अधिकाधिक सापडत होती.

कुलूप उघडत नसेल तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. कोणता खटका अडला आहे ते पाहावयाचे असते. येथे वजनाचा खटका अडला होता. पुढच्या भेटीस आजोबा जाड कोट घालून गेले. त्याच्या खिशांत गोदामांची जुनी कुलपे होती.

"अगंबाई! आजोबा, काय खाल्लंत एवढं?"

"लोखंड," आजोबा सत्य बोलले.

"छान! रक्तवाढीला चांगलं असतं."

आजोबा डॉक्टरांसमोर बसले आणि वेळ न दवडता त्यांनी आ वासला.

"मिटा, मिटा. इतक्या थोड्या दिवसांत एवढं वजन? ही आजची तक्रार."

आजोबांनी एकेक कुलूप काढून टेबलावर मांडले. "हे घ्या तुमचं वजन! आता तरी बघा आत."

डॉक्टरांनी कुलपांकडे सहानुभूतीने पाहिले. "खिशात वस्तू साठवणं, ही वेगळी तक्रार. तिच्यासाठी वेगळं या. आणि एकदा नोंदवलेलं वजन मागे घ्यायची सोय नाही."

त्याच सायंकाळी आजोबांच्या मुलाच्या फोनवर दवाखान्याचा संदेश आला: 'आपल्या वडिलांचा आहार निम्मा करावा. कुटुंबीयांनी ताटाकडे लक्ष द्यावे.'

मुलगा आज्ञाधारक होता. एरवी त्याचे जेवण फोनकडे पाहत होत असे. त्या रात्री त्याने प्रथमच वडिलांच्या ताटात डोकावून पाहिले. पावाच्या कडा काठाशी तशाच पडल्या होत्या.

"वा, बाबा! अर्धं टाकलंत की. काय कडक पथ्य!"

"अरे, पथ्य कसलं—"

"थांबा, फोटो काढतो."

ताटाचे छायाचित्र दवाखान्यास गेले, आणि तेथून तत्काळ प्रशंसेचा उंचावलेला अंगठा आला. आजोबांनी काही क्षण त्या अंगठ्याकडे पाहिले. मग शांतपणे कवळी काढून वाटीशेजारी ठेवली. तिच्या कडेस रक्त होते.

"बाबा, जेवताना नको ना ते," मुलगा म्हणाला, आणि त्याने नजर पुन्हा फोनकडे वळविली.

वाचकांनी या मुलास हसण्यास हरकत नाही. मात्र हसण्यापूर्वी, काल आपल्या पंक्तीस बसलेल्या वडीलधाऱ्यांनी ताटात काय शिल्लक ठेवले, ते आठवून पाहावे. आठवत नसल्यास खंत करू नये. "जेवलात ना नीट?" असे आपण विचारले होते, आणि त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच आपण समाधानाने मान डोलावली होती.