शाळेचे आढे आणि मौनवंतांचे राज्य

श्रीमौनदेवता प्रसन्न. शके सतराशे तेवीस, दुर्मती नाम संवत्सर. ते समयी क्वेकर नामे ख्रिस्ती पंथाचे राज्य एका डोंगराळ गावी नांदत होते. राज्य कसले, दहा-वीस घरे आणि धर्मशिक्षणाची एक शाळा. राजा नाही, पुजारी नाही, मुजरा नाही. लहानाने थोरासही 'तू' म्हणावे, आणि मसलत पडली म्हणजे सर्वांनी मौन धरून बसावे, आणि सर्वांची मने एक जाहली तरच निर्णय. एकाचे मन अडले की काम अडले. शाळेच्या मुख्य हन्नाबाईसाहेब. मग शाळेच्या छपराचे आढे तडकले, आणि त्याखालीच पोरे धडे गिरवीत होती. बाईंनी सभेस विनविले जे, आढे बदलावे. सर्वांची मने वळली, एक यहेज्केलबाबा खेरीज करून. कारण ते आढे बाबांनीच तरुणपणी घडविले होते. बाबा बोलिले, "माझे मन अजून वळत नाही." झाले! कोणावर जोर करू नये, विचारून भंडावू नये, हा पंथाचा दंडक. मग सभा भरावी, मौन धरावे, आणि आपापल्या घरी जावे. बाईंनी आढ्यास टेकू दिला, बाके भिंतीकडे सरकविली, आणि रोज वर पाहत पाहत शिकविले. जीव टांगणीस लागला. एक वेळ दगडास पाझर फुटेल, या म्हाताऱ्यास फुटणार नाही, ऐसे त्या मनात म्हणत.

मग पुढील साली सभा शाळेतच भरली, पोरेही बसली, आणि मौन चालू असता आढे करकरले. सर्वांनी ऐकिले आणि सर्वांनी डोळे अधिकच घट्ट मिटले. बाईंचा धीर सुटला. त्या उठल्या, पोरांस घेऊन बाहेर चालत्या जाहल्या, आणि मग सभाही नाइलाजाने मागोमाग निघाली. शेवटी बाबांचा पाय उंबऱ्याबाहेर पडतो न पडतो तोच छप्पर बाकांवर कोसळले. धूळ बसल्यावर बाईंनी पुसिले, "आता तरी वळले का तुझे मन?"

बाबा शांतपणे बोलिले, "मन तर गेल्या सुगीलाच वळले होते, हन्ना. पण कोणी विचारले नाही, आणि सभेत सगळे मौनात. ते मी मोडू कसे?"

बाईंनी कपाळावर हात मारिला. "अरे, खाली पोरे होती," इतकेच म्हणाल्या, आणि सर्वांदेखत रडू लागल्या. तेव्हा सभा पुन्हा मौन जाहली, परंतु या खेपेस शरमेने.

सारांश, नवे आढे चढले, बाबांनीच तासले, आणि मौनाचा दंडक पूर्ववत चालू राहिला. मात्र सभा उठतेवेळी हन्नाबाईसाहेब दार अडवून उभ्या राहत आणि एकेकास नाव घेऊन विचारीत, "तुझे मन कोठे आहे, बोल." उत्तर दिल्यावाचून कोणास घरी जाऊ देत नसत, बाबांस तर दोनदा विचारीत.