उलट्या डोंग्यातला दमडू

आमचा दमडू दिवसा दिसत नाही, ऐकू येतो. रामाकोन्याच्या घाटावर कन्हान नदीच्या वाळूत त्याचा माणसं पार नेणारा डोंगा पालथा पडलेला असतो आणि भर दुपारी आतून आवाज येतो, "इथून घुसून राहिला का बे तू? थांब, तुले बुजवतोच." नवखा माणूस चपला सोडून पळतो. सौंसरच्या बाजारातून येणारी एक बाई टोपलं टाकून पळाली. दमडूनं तिची वांगी गोळा करून घरी पोचवली, तर ती दारच उघडेना.

आत तो उजेड पाहतो. पालथ्या डोंग्याखाली झोपलं की जिथं फट तिथं उन्हाचा ठिपका दिसतो. ठिपक्याला शिव्या द्यायच्या आणि डांबर भरायचं. घटकाभराच्या या कामाला तो दिवस लावतो. मधेच बोलायचा थांबतो, कोणाचं ऐकल्यासारखा, आणि म्हणतो, "हाव." हा होकार कोणाला, हे मी विचारलं नाही. बायको वारल्यापासून मीही घरात थांबून थांबून बोलतो.

यंदा हुकूम निघाला की तपासणी झाल्याशिवाय डोंग्यात सवारी बसवायची नाही. पलीकडच्या कापूस वेचणाऱ्या बाया पुलावरून फेरा घालून येऊ लागल्या. दमडूचं पोट त्या डोंग्यावर. पांढुर्ण्याहून साहेब आला. माणूस बरा होता. पँट वर करून पाण्यात उतरला, फळ्या ठोकल्या, टोच्या खुपसून पाहिला. तळाची एक फळी मऊ निघाली. ती बदला, तरंगायची जाकिटं आणा, बाजूनं पांढरी रेघ मारा, रेघ बुडेल इतकी माणसं घेऊ नका, म्हणाला. सोमवारी परत येतो, फळी तशीच दिसली तर डोंगा बंद.

दमडूनं जाकिटं आणली. खरी की खोटी पाहायला एक अंगात घालून कन्हानमध्ये उताणा पडला आणि वाहत खालच्या घाटाला लागला. तिथं कपडे धुणाऱ्या बायांनी मढं आलं म्हणून बोंब मारली. मढ्यानं हात जोडले. "पास आहे," म्हणे.

रेघही मारली. फळीला मात्र सुताराला हात लावू देईना. रविवारी सुतार माझ्या दारात आला.

"काका, तुम्हीच सांगा त्याले. तो म्हणते, आत माणूस आहे."

मी घाटावर गेलो. पालथ्या डोंग्यावर थाप मारली. "दमड्या, उद्या साहेब येते. डोंगा बंद झाला तर खाशील काय, वाळू?"

आतून हळूच आवाज आला, "भाऊ, आत ये."

कसाबसा सरपटत शिरलो. अंधार आणि डांबराचा वास. बाहेर सुतार खोकला, तो कुठून तरी लांबून ऐकू आला. मेल्यावर असंच ऐकू येत असेल. दमडूनं माझं मनगट धरलं आणि पंजा वरच्या फळीला टेकवला. फळी गरम होती. माझ्या बोटांखाली दुसरी बोटं होती. लहान. मी हात ओढून घेतला.

"वहिनी आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे नवा डोंगा पाण्यात जायच्या आधी घरची बाई त्याच्या पोटात हळदीचा हात लावते. दमडूला बाई नाही, म्हणून माझी बायको हळद लावायला गेली होती. डांबर वाळायची वाट न पाहता तिनं पंजा दाबला. घरी मी तिचा हात मिट्टीच्या तेलानं चोळून धुतला, आणि ती हसत होती. डोंग्यात काय उरलं ते मी कधी पाहिलं नाही. वरून पाय ठेवायच्या पट्ट्या बसल्या; डोंगा पालथा घालताना दमडू त्या काढून ठेवतो.

"तुले इचारल्याबिगर कसा काढू?" दमडू म्हणाला. "मी तिले सारं सांगत असतो. तू जेवला का नाही, तेही."

मी पुन्हा हात लावला. जरा दाबला तर फळी आत गेली. कुजली होती.

"याच्यात बाया बसतेत, दमड्या. लेकरं घेऊन."

"हाव."

"मग काढ."

मी बाहेर येऊन सुताराला खूण केली. त्यानं फळीच्या फटीत लोखंडी सब्बल घातली. दमडू बाहेर आला नाही. फळी खाली पडू नये म्हणून आतून धरून राहिला. पहिला खिळा किंचाळत निघाला. आतून आवाज आला, झोपलेल्या माणसाला उठवताना काढतो तसा.

"वहिनी, जरा इकडं सरका. तिथं ऊन येईन आता."