भांडं आत्याचं, केक आईचा

बाबा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भांडं घासायला उभे राहिले आणि त्यांनी नेमकं तेच भांडं निवडलं, जे या घरात कधीच कोणी घासायचं नसतं.

ते होतं केकचं भांडं. पत्र्याचं, गोल आणि काळंकुळकुळीत. आईने त्यात इतके केक भाजले होते की लोण्याचे थर बसून बसून ते आतून जुन्या तव्यासारखं तुकतुकीत झालं होतं. उलटं केलं की केक असा अलगद बाहेर यायचा, जसा काही तो आत नुसता टेकायला गेला होता. आई ते कोमट पाण्याने विसळायची, मऊ फडक्याने पुसायची आणि वरच्या फळीवर ठेवायची. साबण नाही. घासणी तर नाहीच नाही.

अडचण एकच. भांडं आत्याचं होतं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं. तिने ते कधीकाळी आईला वापरायला दिलं होतं आणि तेव्हापासून एक दिवसही ती ते विसरली नव्हती. वाढदिवस कोणाचाही असो, पाहुणे केकचा घास घेऊन "वा" म्हणायला तोंड उघडायचे आणि तो वा बाहेर पडायच्या आत आत्या म्हणायची, "भांडं माझं आहे हो." आई हसायची. दात दिसायचे, पण ते हसू नसायचं.

आणि आज सकाळी आत्याचा फोन आला होता. "माझी लेक बेकिंगच्या क्लासला जातेय. संध्याकाळी मी येते, भांडं घेऊन जाते. त्या भांड्यात काय, कोणीही केला तरी केक चांगलाच होणार."

"रिकामं भांडं परत द्यायचं नाही," आईने फोन ठेवून जाहीर केलं. "शेवटचा केक करीन त्यात. खाऊ दे त्यांना." मग ती लोणी-अंडी आणायला बाहेर पडली. जाता जाता तिने त्या भांड्यावरून हात फिरवला. बाबांच्या डोक्यावरून तिने असा हात फिरवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

या घरातल्या मुलीला सगळे मास्तरीण म्हणायचे. सुट्टीत ती व्हिडिओ बघून बेकिंग शिकली होती आणि आता तिला विचारल्याशिवाय कोणी दूधसुद्धा तापवू शकत नव्हतं. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा सिंकपाशी उभे होते. कोपरापर्यंत फेस, कपाळावर घाम, हातात तारेची घासणी.

"बाबा, हे काय केलंत?"

"चमकवलं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू परत द्यायची तर घासूनपुसून द्यावी. केवढा कचरा होता माहितेय? सोडा टाकला, व्हिनेगर टाकलं, शेवटी सुरीने खरवडला."

"तो कचरा नव्हता. थर होता. त्याच्यामुळेच केक चिकटत नव्हता."

"थर? कसला?"

"लोण्याचा. जुना. कित्येक वर्षांचा."

"म्हणजे कचराच ना."

"आईने बसवलेला," मास्तरीण म्हणाली.

आता मात्र बाबांच्या हातातली घासणी सिंकमध्ये पडली. भांड्यात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. भांडं आणि चेहरा, दोन्ही पांढरे पडले होते.

"घाबरू नका," मास्तरीण म्हणाली. "नवा थर चढवता येतो. तेल लावायचं आणि ओव्हन फुल तापवून भाजायचं. मी पाहिलंय."

तिने खरंच पाहिलं होतं. तेल लावायचं आणि मग ते लावलंच नव्हतं असं पुसून काढायचं, असं त्या व्हिडिओतल्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं. पण ते वाक्य यायच्या आत हिने व्हिडिओ पुढे पळवला होता, कारण एवढं तर आपल्याला येतंच, असं तिचं मत होतं. गणिताच्या पेपरातही तिचं हेच मत असायचं.

"एवढ्याशा तेलाने इतक्या वर्षांचं काळं कसं भरून निघेल?" बाबा म्हणाले. "घाल अजून."

मुद्दा बिनतोड होता. तिने अजून घातलं.

आधी वास आला. मग धूर आला. मग त्यांनी खिडकी उघडली, तेव्हा धूर वर गेला आणि वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, पाण्याने भरलेली बादली घेऊन.

"आग कुठंय?"

"आग नाहीये काका," बाबा खोकत म्हणाले. "भांडं काळं करतोय."

काकांनी बादली खाली ठेवली. "मुद्दाम?"

"हो."

"आमच्याकडे मी दूध तापत ठेवलं की आपोआप होतं," काका म्हणाले आणि निघाले. दारातून त्यांनी एकदा ओव्हनकडे पाहिलं. "बादली राहू दे. लागेल."

भांडं बाहेर निघालं. कुठे तपकिरी डाग, कुठे चकचकीत टक्कल, आणि कडेला तेलाचे ओघळ डिंकासारखे गोठलेले. बोट लावलं की ते बोट धरून ठेवत होतं.

"काळं झालंय," बाबा म्हणाले. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "कुठे कुठे."

तेवढ्यात आई आली. तिने भांडं पाहिलं, तारेची घासणी पाहिली, बाबांना पाहिलं.

"ही बादली कोणाची?" तिने विचारलं.

दोघंही एकदम बोलायला लागले. आई स्टुलावर बसली.

"त्या म्हणतात ना, सगळी करामत भांड्याची आहे," ती हळूच म्हणाली. "खरंच असली तर? आज त्यांच्यासमोरच कळेल."

मास्तरणीकडे प्रत्येक गोष्टीवर टिप असायची. आत्ता तिने फक्त आईच्या हातातली पिशवी घेतली आणि लोणी-अंडी ओट्यावर काढून ठेवली.

मग आई उठली, पदार्थ बिघडल्यावर उठते तशी, बाह्या सरसावत. "बटर पेपर काढ. तळाला कापून लाव, कडेलाही लाव. आणि तुझ्या बाबांना सांग, बाहेर बसा."

बाबा दोन हात अंतरावरच उभे होते. मास्तरणीने त्यांना सांगितलं. ते बाहेर बसले.

आत्या आली तेव्हा केक टेबलावर होता आणि शेजारी भांडं. आत्याने घास घेतला. चावला. तोंड उघडलं. सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ होतं. पण आत्याची नजर टेबलावर गेली होती.

"हे काय आहे?"

"तुमचं भांडं, ताई," आई म्हणाली.

"माझं? मी दिलं तेव्हा आरशासारखं होतं. त्यात बघून केस विंचरावेत, असं."

"दुपारी तसंच होतं," बाबा उत्साहाने म्हणाले. "मी स्वतः..." मास्तरणीने त्यांच्या तोंडात केकचा मोठा तुकडा कोंबला.

आत्याने भांड्याला बोट लावलं. बोट सोडवून घेतलं. मग केककडे पाहिलं, मग आईकडे.

"या असल्या चिकट्यात केलास तू हा केक?"

"हो."

आत्याने अजून एक घास घेतला, पहिल्यापेक्षा सावकाश. तिला हे बोलणं जड जात होतं. "हात आहे हो तुझा," ती शेवटी म्हणाली. "भांड्याचं काही खरं नाही. राहू दे तुलाच. लेकीला मी नवं घेईन."

आई हसली. दात दिसले नाहीत, पण ते हसू होतं.

आत्या गेल्यावर आईने भांडं मास्तरणीच्या हातात दिलं आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला लावला. या वेळी तेल लावलं, लावलंच नव्हतं असं पुसलं, आणि काकांना आधी कळवून मगच ओव्हन लावला. तारेची घासणी मात्र आईने कुठे ठेवली, ते आजतागायत कोणाला सापडलेलं नाही.

पुढच्या वाढदिवसाला पाहुण्यांनी केकचा घास घेतला आणि "वा" म्हणायला तोंड उघडलं. आत्या गप्प होती. आई हसायच्या तयारीत होती.

"भांडं मी घासलं होतं हो," बाबा म्हणाले.