डावा स्पीकर

वैशाखरे गावचा भगीरथ मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी थोरल्या भावाच्या, नथूच्या ओटीवर चहा पिता पिता त्याच्या तोंडून एक वाक्य निसटलं. नथूच्या मुलीची, कुणालीची हळद जवळ आली होती आणि नथू साउंडवाल्याला फोन लावत होता.

"राहू दे, दादा. साउंड मी देतो. घरीच बनवतो."

नथूने फोन खाली ठेवला. घरी पोचेपर्यंत भगीरथला आपण काय बोलून बसलो ते उमगलं होतं. पण तोवर जाऊबाईने फोन करून त्याच्या बायकोला, रंभाला सगळं सांगितलंही होतं.

"तुमी बनवणार?" रंभाने विचारलं. (नवऱ्याने मागच्या वर्षी बनवलेल्या स्टुलावर घरातलं कोणी अजून बसलं नव्हतं.)

"मोबाइलवर बघितलंय सगळं," भगीरथ म्हणाला.

मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांचा प्लाय त्याने साहेबांना विचारून आणला. वूफर कल्याणच्या जुन्या बाजारातून आणले. मग रोज शिफ्ट सुटली की एसटीने घरी यायचं, डबा ठेवायचा आणि करवत घ्यायची. व्हिडिओतल्या माणसाची खोकी अकरा मिनिटांत झाली होती. भगीरथचं एक खोकं चार दिवस चौकोनीच होईना. फटींत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, पुन्हा लांबी भरली. कारखान्यात उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायला लागले. आवाज घुमू नये म्हणून आत कापूस भरायचा होता, तर त्याने जुनी गादी फाडून दोन्ही खोकी गुबगुबीत केली.

उजवा स्पीकर तयार झाला आणि चक्क बोलला. डाव्याला काळ्या रंगाचा शेवटचा हात मारून, वूफरचं दहा इंची भोक तसंच ठेवून, त्याने खोकं मागच्या पडवीत वाळत ठेवलं. दोन दिवस त्याला ओव्हरटाइम लागला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. वायरी बाहेर ओढायला त्याने भोकातून हात घातला आणि आतून कोणीतरी त्याला कचकन टोचलं.

"रंभा, आत काय हाय गो?"

"कोंबडी. खुडूक झालीय. अंड्यांवर बसलीय."

"किती अंडी?"

"बारा. पाच तिची आधीची, सात दुसरींची. मीच ठेवली."

"तू ठेवलीस? स्पीकरात?"

"मला काय ठाव? आत मऊ कापूस, पुढं भोक. म्हटलं, ह्या टायमाला तरी कायतरी कामाचं बनवलंत."

भगीरथ पायरीवर बसला. हातातला वूफर त्याने मांडीवर ठेवला. आतून कोंबडी त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होती.

"उठव तिला. गुरवारी हळद हाय."

"एकवीस दिवस नाय उठवायची. अंडी फुकट जातील."

भांडायला अंगात त्राण नव्हतं. तिसरं खोकं करायला प्लाय नव्हता. शेवटी तो उठून नथूकडे गेला.

"दादा, एकच स्पीकर होईल."

"आन दुसरा?"

"दुसऱ्यात कोंबडी बसली."

नथूने जरा विचार केला. "म्हंजे फ्यूज गेला का?"

"नाय. कोंबडी बसली."

"मंग कॉइल जळली आसल. टोकावड्याला दुकानात दाखव."

"कॉइल बरी हाय रे, दादा. अंडी घातलीत."

नथूने भावाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग आत जाऊन त्याने साउंडवाल्याला फोन लावला.

हळदीला साउंडवाल्याच्या भिंतीएवढ्या खोक्यांशेजारी भगीरथचा उजवा स्पीकर एका खुर्चीवर ठेवला होता. तो वाजत होता की नाही हे भगीरथलाही त्याला कान लावूनच कळलं. थोड्या वेळाने कोणीतरी त्याच्यावर अक्षतांचं ताट ठेवलं. डाव्याकडे मात्र रीघ लागली. हळद लावून झाली की बायका घोळक्याने रंभाच्या पडवीत जायच्या, वाकून बघायच्या आणि परत यायच्या. नवरीही जाऊन आली.

एकविसाव्या दिवशी बारा अंड्यांतून अकरा पिल्लं निघाली. रंभाच्या कोंबड्यांत एवढी कधी निघाली नव्हती. ही खबर पार म्हसा गावापर्यंत गेली.

पुढच्या रविवारी म्हशाहून धोंडीबाई आली. नथूची मावससासू. दोन खोकी पाहिजेत म्हणाली. भगीरथच्या अंगात कितीतरी दिवसांनी तरतरी आली. त्याने वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि डावं-उजवं, वायरिंग कसं करायचं ते तिला समजावून सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"वायर नको, बाबा. त्या पायात गुततात."

भगीरथने वहीतल्या वायरी खोडल्या. मग त्याने थकल्या आवाजात विचारलं, "भोक किती इंची ठेवू? दहा?"

"बारा ठेव," धोंडीबाई म्हणाली. "माझी कोंबडी थोराड हाय."