मुकादमकाकांचा ग्लास

मुकादमकाकांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी चहाचा काचेचा ग्लास असायचा आणि त्यातून त्यांना चहा पिताना कुणी कधी पाहिलं नाही. तुमच्या अंगावर लाल ठिपका दिसला की काका तुमचा हात धरणार, ग्लासाचा तळ त्या ठिपक्यावर दाबणार आणि एक डोळा मिटून आत बघणार. मग "फिका पडला. डास आहे, जा," असा निकाल देऊन तुम्हाला सोडणार. परवानगी वगैरे भानगड नाही.

सत्तर साल उलटल्यावर मी लग्न होऊन भाईंदरला आले. पश्चिमेला, मिठागरांच्या बाजूला आमची बैठी चाळ. पहिल्याच आठवड्यात, नळावर पाणी भरताना, माझ्या कोपरावरच्या घामोळ्याला हा ग्लास लागला. मी किंचाळले. शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. "घाबरू नकोस गं, इथे सगळ्यांना लागतो."

खरंच लागायचा. खाडीच्या डासांच्या कृपेने काकांना कामाची कमतरता नव्हती. कोपऱ्यावरचे वाणी मगनभाई वैतागून म्हणायचे, "अरे काका, मच्छर है! छोडो ना, गिऱ्हाईक खडा है." उत्तनहून मासे घेऊन येणाऱ्या रोजाबायच्या दंडावर एकदा निळा डाग दिसला. तिने काकांना जवळसुद्धा येऊ दिलं नाही. "न्हाय रे बाबा, पाटीचा वळ हाय तो! लावायचाच तर बोंबलाला लाव तुझा ग्लास."

आमच्या ह्यांचे मामा रत्नागिरीहून आले होते. मानेवर लाल तीळ. काकांनी ग्लास दाबला, तर तीळ काही फिका पडेना. काका गंभीर झाले. "मामा, उद्याच मुंबईला जा आणि मोजून घ्या."

"काय मोजून घेऊ?"

"प्लेटलेट."

मामांनी पुढ्यातलं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि लगोलग गावची गाडी धरली. तो तीळ त्यांच्या मुंजीच्या आधीपासून तिथेच होता, हे त्यांना गावी परतल्यावर आठवलं. पुन्हा ते आमच्याकडे राहायला आले नाहीत. ह्याबद्दल मी काकांची आजही ऋणी आहे.

हे वेड कुठून आलं ते चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. काका मिठागरावर मुकादम. बायको गेलेली. एकुलती एक मुलगी बाळंतपणात रक्त जाऊन गेली आणि मागे राहिली बेबी. आजोबा आणि नात, एवढाच संसार. बेबी सहा-सात वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला आणि पायांवर लाल ठिपके उठले, दंडावर काळेनिळे डाग पडले, नाकातून रक्त यायला लागलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं, तर प्लेटलेट कमी. तिथल्या डॉक्टरांनीच काचपट्टी दाबून काकांना दाखवलं. ठिपका फिका पडला तर काळजी नाही. नाही पडला तर रक्त कातडीखाली सांडलंय. काचपट्टी फुटेल म्हणून काकांनी ग्लास घेतला.

प्लेटलेट म्हणजे काय, हे काका कुणालाही समजावून सांगत. ऐकणाऱ्याला सुटका नसे.

"बांध फुटला की पहिला कोण धावतो? मालक? छे! माझे गडी. चिखलाचे गोळे घेऊन भोक बुजवतात. तसे हे रक्तातले गडी. मोहरीएवढ्या थेंबात दीड लाख तरी हवेत. बेबीकडे वीस हजार. ठिपके म्हणजे पाणी झिरपायला लागलं, समजलं?"

बेबीला कडू गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तिचा चेहरा फुगला आणि शाळेतली पोरं तिला भोपळा म्हणायला लागली. लंगडी बंद, झोपाळा बंद. महिन्याच्या महिन्याला मुंबईला जाऊन रक्त मोजायचं. रोज संध्याकाळी काका चाळीतली सगळी पोरं ओट्यावर बसवत. पाय पुढे करा, तोंड उघडा, हिरड्या दाखवा. रांगेत मध्येच कुठेतरी बेबीही असायची. तपासून झालं की प्रत्येकाला गुळाचा खडा. पोरं गुळासाठी नसलेले ठिपकेही दाखवायची. मला वाटायचं, ह्या माणसाचं डोकं जरा फिरलंय. फिरणारच, दुसरं काय होणार!

हळूहळू आकडा चढायला लागला. नव्वद हजारांपर्यंत आला तेव्हा काकांनी चाळीत पेढे वाटले. पुढच्याच खेपेला कागदावर तीस हजार आले. असंच राहिलं तर पोट उघडून प्लीहा काढावी लागेल, कारण प्लेटलेटचे कण तिथेच मारले जातात, असं इस्पितळात त्यांना सांगण्यात आलं. काका घरी आले ते भिंतीला टेकून बसले. मिठागरावर गेले नाहीत, चूल पेटवली नाही. बेबीला मी जेवायला आमच्याकडे आणलं.

"मला एकट्याला नाय जमणार, वहिनी," ते म्हणाले. "पोटात सुरी घालणार म्हणतात. हिची आई पण अशीच टेबलावर गेली होती."

मी त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. मोठ्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी बेबीला बघितलं. पाय, पाठ, जीभ, हिरड्या. कुठेही ठिपका नाही, एक डाग नाही. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी रक्त काढताना त्रास झाला होता का?"

झाला होता. शीर सापडत नव्हती, सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागली होती. डॉक्टरांनी नव्याने रक्त घ्यायला लावलं, नीट, एका झटक्यात. आधीचं काचेवर पसरलेलं रक्तही त्यांनी स्वतः बघितलं. काढतानाच रक्त गोठायला लागलं होतं. कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले होते आणि मोजणाऱ्याला सुटे तेवढेच मोजता आले होते. नवीन आकडा एक लाख चाळीस हजार.

"नुसत्या आकड्यावर जायचं नसतं, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "मुलगी बरी होत आलीय. गोळ्या हळूहळू बंद करू. आता तिला खेळू द्या."

काकांना ते कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, "म्हणजे गडी कामावरच होते. घोळका करून बसले म्हणून हजेरीत धरले नाहीत." आणि तिथेच मोठ्याने रडायला लागले.

इस्पितळाबाहेर आम्ही चहा घेतला. बेबी पाव खात फुगेवाल्याकडे बघत उभी होती. मी चेष्टेने म्हटलं, "आता तरी तो ग्लास टाका, काका. चाळीतली पोरं सुटतील."

"त्या पोरांना काही झालेलं नव्हतं, ते मला कळत नव्हतं काय, वहिनी?" काका हलक्या आवाजात म्हणाले. "पहिलं मी हिला एकटीलाच बघायचो. एक दिवस विचारते, आजोबा, मी एकटीच मोडकी आहे का? मग काय करणार? दुसऱ्या दिवसापासून सगळ्या चाळीला ग्लास लावला."

"आणि आमच्या मामांना?"

"त्यांना पण. बेबी दारातून बघत होती ना."

मला हसू आलं. ज्या माणसाला आम्ही वेडा म्हणत होतो, त्याने एका पोरीसाठी जाणूनबुजून वेडेपण पांघरलं होतं. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की चहाचे पैसे कुणी दिले तेही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात पोरांनी लंगडीचा डाव मांडला आणि बेबी त्यात उतरली. काका ओट्यावर बसले होते, पण खेळाकडे पाठ करून. समोर नुसती भिंत. मी सुपात तांदूळ निवडत होते.

"तुम्ही बघताय ना?" त्यांनी न वळता विचारलं.

"बघतेय."

"पडली तर सांगू नका, वहिनी. उठली की तेवढं सांगा."

बेबी पडली. मी सूप खाली ठेवलं. तिचा गुडघा खरचटला होता, रक्त वर आलं होतं. तिने ते फ्रॉकने पुसलं, वाकून गुडघ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. रक्त थांबलं. तिने पुन्हा एक पाय वर उचलला.

"उठली, काका," मी म्हटलं.