चरबीमुक्त गोदूताई

एका जंगलात, बाळांनो, वाघाला फारसं कोणी भीत नसे. सगळे भीत ते वजनकाट्याला.

त्या जंगलात गोदूताई नावाच्या एक हत्तीणबाई राहायच्या. स्वभावाने प्रेमळ, खाण्याने सढळ. त्यांची लेक दरीपलीकडच्या रानात दिलेली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, तेही हत्तीचं. बावीस महिने सगळ्यांनी वाट पाहिलेली. आईने जायलाच हवं.

पण दरीवर होता बांबूचा पूल, आणि पुलावर पहाऱ्याला वानरराव. त्यांनी गोदूताईंना खालून वर नीट पाहिलं आणि हात आडवा केला.

"ताई, पूल मोडेल. थोडं वजन उतरवून या."

दरीला वळसा घालून जायचं तर तीन महिने लागणार. तोवर बारसंसुद्धा उरकलं असतं. गोदूताई काळजीने कासववैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी नाडी शोधण्यात अख्खी सकाळ घालवली. मग म्हणाले, "कमी खा."

"म्हणजे नक्की काय खाऊ?"

"कमी."

हा सल्ला ताईंना मुळीच पटला नाही. उपाय म्हटला की काहीतरी तोंडात टाकायला नको का? त्या तडक साळिंदरशेठच्या आरोग्य भांडारात गेल्या.

साळिंदरशेठच्या पाठीवर एकेका काट्याला एकेक चिठ्ठी टोचलेली असे. 'नैसर्गिक', 'आजीच्या हातचं', 'वैद्यांनी वाखाणलेलं'. गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा आणि शोभेल ती चिठ्ठी काढून मालाला डकवायची, असा त्यांचा धंदा.

"ताई, तुमच्यासाठी खास नाचणीचे लाडू. वाचा ना! साखर शून्य. नव्याण्णव टक्के चरबीमुक्त. एका वेळच्या खाण्यात फक्त दोन कॅलरी."

"फक्त दोन?" गोदूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं गोड त्यांच्याशी कोणी कधी बोललं नव्हतं.

पाकिटाच्या मागेही काही छापलं होतं, पण अक्षरं खसखशीएवढी. शेजारी एक मुंगी उभी होती. तिला ती अक्षरं चांगली ठळक दिसत होती. तिने वाचून दाखवलं.

"घटक पदार्थ: गूळ, काकवी, मध, खजूर, मैदा आणि नाचणी एक टक्का."

"बघ, साखर नाहीच!" गोदूताई हरखल्या.

"साखर नाही, पण तिच्या सगळ्या बहिणी आल्यात की, मावशी! आणि ज्याचं नाव पहिलं, तेच सगळ्यांत जास्त घातलेलं असतं. पुढे ऐका. एका वेळचं खाणं म्हणजे मुंगीचा एक घास."

"मग काय झालं? मीही एकच घास घेईन."

"तुमच्या एका घासात माझं अख्खं वारूळ जेवेल हो!"

"तुम्हा मुंग्यांना मेलं दुसऱ्याचं बरं झालेलं बघवतच नाही," गोदूताई फणकारल्या.

"मागची बाजू मुंग्यांसाठीच असते, ताई," साळिंदरशेठ हसून म्हणाले. "गिऱ्हाइकांनी पुढची वाचायची."

पंधरा दिवस गोदूताईंनी कडक पथ्य पाळलं. सकाळी दोन पाकिटं, दुपारी चार, आणि संध्याकाळी पथ्याचा थकवा यायचा म्हणून आणखी दोन. झाडपाला मात्र पूर्ण बंद केला. त्याच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. त्याचा भरवसा काय धरायचा?

सोळाव्या दिवशी निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या. गोदूताई धावत सुटल्या. वाटेत जमीन जरा जास्तच हादरत होती, पण त्यांना वाटलं, जमिनीलाच अशक्तपणा आला असेल. पुलापाशी त्यांनी पाकिटाचा कागद कपाळावर चिकटवला.

वानररावांनी कागद वाचला. ताईंकडे पाहिलं. पुन्हा कागद वाचला. वानरराव चार बुकं शिकलेले होते; डोळ्यांपेक्षा छापील अक्षरावर त्यांचा जास्त विश्वास.

"नव्याण्णव टक्के म्हणजे प्रश्नच मिटला. जा ताई, बाळाला आमचा आशीर्वाद सांगा."

पुलाला मात्र अक्षरओळख नव्हती. तो मध्यावर मोडला.

खाली चिखल होता म्हणून गोदूताई बचावल्या, पण पोटापर्यंत रुतल्या. तिथेच त्यांना वरून नातीचा पहिला चीत्कार ऐकू आला. त्यांनी खूप हाका मारल्या. एकही वर पोचली नाही. मग गोदूताई ढसाढसा रडल्या.

वर वानररावांनी अहवाल लिहिला: 'पूल जुना होता, आपोआप पडला.' नवा पूल बांधला गेला. त्यावर साळिंदरशेठने 'मजबूत' अशी चिठ्ठी डकवून दिली.

सोंड पोचेल तिथल्या चार गवतकाड्यांवर गोदूताईंनी वीस दिवस काढले. अंग आटलं, तसे पाय चिखलातून सुटले. दरडीच्या पायथ्याशी साळिंदरशेठ चित्रकाराला घेऊन उभेच होते. पुढे दरड चढून लेकीच्या दारी पोचायला ताईंना आणखी आठ दिवस लागले.

लेक गळ्यात पडली. मग मागे सरून बघतच राहिली. "अगं आई, किती बारीक झालीस! म्हणजे हे खरंच आहे तर!"

तिच्या सोंडेत लाडवांचं पाकीट होतं. त्यावर गोदूताईंची दोन चित्रं, एक आधीचं, एक नंतरचं. खाली ठसठशीत अक्षरं: 'अवघ्या वीस दिवसांत!'

"हे लाडू खाऊनच ना गं?" लेकीने विचारलं. तिच्या सासरच्या सगळ्या हत्तिणी कान टवकारून उभ्या होत्या.

पूल मोडला, चिखलात पडले, उपाशी राहिले, हे विहिणीसमोर सांगायचं कसं? गोदूताईंनी नातीच्या अंगावरून सोंड फिरवली. ऊर भरून आला होता, पण लाज त्याहून मोठी होती.

"हो तर," त्या म्हणाल्या. "लाडूच."

त्याच दुपारी घरात दहा खोकी आली. नातीचं उष्टावण आजीच्या हातून झालं, त्याच लाडवाने.

तात्पर्य: पाकिटाची पुढची बाजू श्रद्धेने वाचावी आणि मागची मुंग्यांसाठी सोडावी. तरीही काही मोडलंच, तर दोष निरक्षर पुलाचा धरावा.